मायच्या कमरेचं माप

माझ्या डायरीच्या एका पानावर आठ दोरे चिकटवलेले आहेत. सात पांढरे आणि एक हिरवा. प्रत्येकाखाली तारीख आणि मिलिमीटर लिहिले आहेत. पहिला दोरा एकोणीसचा, सातवा सत्तावीसचा. आठव्याचं मागून सांगतो. हे सात पांढरे दोरे म्हणजे माझ्या आईच्या कमरेवरच्या जखमेची मापं आहेत. ही मापं मी घेतली, पण जखम तोवर एकदाही पाहिली नव्हती.

मी भूकरमापक आहे, म्हणजे शेतजमिनी मोजतो. सव्वीस वर्षं हेच काम केलं. बांध कुठून कुठे सरकला हे मला दुसऱ्याच्या वावरात लगेच दिसतं. आमचं घर आखाडा बाळापूरपासून चार-साडेचार किलोमीटरवर. मुलं शिकायला बाहेर असतात. घरात मी, बायको आणि आई. आईला मी माय म्हणतो. आधार कार्डावर ती एक्काहत्तरची आहे. तिच्या सांगण्यानुसार दोन वर्षांनी लहान.

माय लुगडं नेसते, नऊवारी. त्याला नाडी नसते. कमरेभोवती लुगड्याचं टोक घट्ट ओढून डाव्या अंगाला गाठ मारायची आणि मग त्याच गाठीच्या आधारावर सगळं लुगडं पेलायचं. शिवाय कमरेला सुपारीचा बटवा आणि कोठीची किल्ली. कापूस वेचायला गेली की त्याच जागी कापडाची झोळी, जिला आमच्याकडे ओटी म्हणतात. ओटी भरली की पाच-सहा किलो होते. ती रिकामी करायची आणि पुन्हा बांधायची, दिवसातून सात-आठ वेळा. लुगडं सैल नेसणारी बाई कामाची नाही, असं मायच्या सासूने तिला शिकवलं होतं, आणि मायनं ते आयुष्यभर पाळलं.

त्या गाठीखाली तिच्या कमरेला काळा पट्टा पडलेला होता. त्याची कातडी कोरडी, भेगाळलेली, मधूनमधून खाज. हे मला नंतर कळलं. पण कळलं असतं तरी मी काही केलं नसतं, कारण आमच्याकडे बायकांच्या कमरेला तसं असतंच, असंच सगळे धरून चालतात. खांद्यावर जू घेणाऱ्या बैलाच्या मानेला घट्टा असतो, तसं.

दसऱ्याच्या सुमारास बायको लुगडी धूत होती. दोरीवर टाकताना ती थांबली आणि मला बोलावून म्हणाली, "अवो, ह्ये डाग हळदीचे हायेत, पर हळदीखाली दुसरंच कायतरी हाय."

लुगड्याच्या गाठीच्या जागी पिवळा डाग होता आणि त्याच्या मधोमध तांबूस. आमच्या भागात हळद पिकते. घरात हळदीचं पोतं असतं, आणि जखमेला हळद सोडून दुसरं काही लावायचं कुणाच्या मनातही येत नाही. मायच्या कमरेला चार महिन्यांपूर्वी बारीक फोड आला होता. फुटला, खपली धरली, गाठीच्या घासण्यानं खपली निघाली, परत धरली, परत निघाली. माय तेलात हळद कालवून लावत होती. वर चिंधीची घडी ठेवत होती. आणि घडी सरकू नये म्हणून गाठ आणखी घट्ट मारत होती.

"काहून सांगितलं न्हाई, माय?" मी विचारलं.

"सांगन्यासारखं काय हाय त्यात? बाईमानसाच्या कमरंचं पोराला सांगू का?"

इथे माझी चूक आहे, आणि ती मला नीट लिहायची आहे. मी बाळापूरला औषधाच्या दुकानात गेलो आणि "कमरेला खाजतंय, जखम झालीय" एवढंच सांगितलं. त्यानं नायट्याचं मलम दिलं. मी ते दिलं. दोन महिन्यांत सहा ट्यूबा संपल्या. सहाव्या ट्यूबेपर्यंत मी एकदाही विचार केला नाही की जी गोष्ट पाचांनी बरी झाली नाही, ती सहाव्यानं का व्हावी. शेजाऱ्याच्या बांधात वीतभर फरक निघाला तर मी तीन वेळा मोजतो.

मोजायची कल्पना तिथून आली. मी बायकोला माझी पट्टी दिली. मायनं ती बघितली आणि हात झटकला.

"पट्टी लावाया मी काय वावर हाय का? त्याला म्हनावं, आधी माझा सातबारा काढून आन."

मग बायकोनंच मार्ग काढला. रविवारी मलम लावताना ती शिवणाच्या रिळाचा दोरा जखमेवर आडवा धरायची आणि दोन्ही कडांना नखानं खूण करून तेवढाच कापून आणायची. माय भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. तिला वाटायचं चिंधीचा धागा निघाला असेल. निदान आम्हाला तसं वाटायचं. मी तो दोरा पट्टीवर ठेवून मोजायचो. दोरा ओढला तर लांबतो, म्हणून एक मिलिमीटर इकडेतिकडे धरावा लागतो. पहिले दोन रविवार एकोणीस. मग एकवीस, बावीस, चोवीस, पंचवीस. सातव्या रविवारी सत्तावीस.

आठ मिलिमीटर ही दोऱ्याची चूक नव्हे. बायको म्हणाली, "कडा बी उंच झाल्यात. भाकरीच्या काठावानी. आन हात लावला की रगत येतं." दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि आम्ही तिघं एसटीनं नांदेडला निघालो.

तिथल्या कातडीच्या डॉक्टर बाई होत्या, म्हणून माय आत गेली. मला पडद्याबाहेर उभं केलं. बायको आत.

"किती दिवसांपासून आहे, आजी?"

"झाले असतील पंधरा रोज."

"माय," मी बाहेरून म्हणालो, "सात महिने झाले."

"तू भाईर हाईस का आत?"

डॉक्टर हसल्याचं ऐकू आलं. नंतर त्यांनी विचारलं, "आजी, गाठ रोज इथंच मारता?" माय म्हणाली, "मंग कुठं मारू? गाठीची जागा काय रोज बदलत असती?"

जखमेच्या कडेचा छोटा तुकडा तपासायला घ्यायचा ठरला. जागा बधिर करून तो काढला आणि दोन टाके घातले. मायनं फक्त एकदा "आई" म्हटलं. मी डायरी उघडून दोरे डॉक्टरांना दाखवले. मला वाटलं त्या हसतील. त्यांनी सातही दोरे खिडकीजवळ नेऊन पाहिले आणि मापं केसपेपरवर उतरवून घेतली.

दहा दिवसांनी टाके काढायला मायला परत नांदेडला नेलं, तेव्हा रिपोर्ट आला होता. कातडीचा कॅन्सर. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा, ज्याला स्क्वॅमस म्हणतात. डॉक्टरांनी मला एकट्याला बसवून समजावलं. एकाच जागी वर्षानुवर्षं घासत राहिलं की कातडी सोलते, भरते, परत सोलते. भरून काढणाऱ्या पेशी शेवटी थांबायचं विसरतात. कमरेला लुगड्याच्या गाठीनं, परकराच्या नाडीनं हे होतं, आणि पुरुषांना धोतराच्या गाठीनंही. सगळ्यांना होत नाही. पण काळा पट्टा, मग पांढुरकी कातडी, मग न भरणारी जखम, अशी त्याची चाल असते. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. लवकर काढला तर बहुतेक वेळा काढून भागतं. उशीर झाला तर आधी जांघेतल्या गाठींत जातो.

"हळदीनं झालं का?" मी विचारलं.

"नाही. पण हळदीमुळे दिसलं नाही."

बाहेरच्या बाकावर बसून मी हिशेब केला. तेराव्या वर्षी लुगडं, आता एक्काहत्तर. अठ्ठावन्न वर्षं. रोज एकच गाठ धरली तरी एकवीस हजारांच्या वर गाठी, एकाच जागी. तो आकडा लिहून मी खोडला. आता त्याचा उपयोग कुणाला होता?

मायला सांगायचं की नाही यावर बायकोचं म्हणणं, शब्द सांगू नका. मला ते जमेना. परत येताना वारंगा फाट्यावर गाडी बदलायची होती. तिथं चहा घेताना मीच सांगितलं. माय, कॅन्सर आहे. कातडीचा. कापून काढावा लागेल.

मायनं बशीतला चहा संपवला. मग म्हणाली, "मंग लुगडं सोडावं लागंल का?"

"घट्ट बांधता येणार नाही."

"आन कापनार कोन? ती पोरगीच ना?"

"न्हाई. ऑपरेशनचे डॉक्टर वेगळे. पुरुष आहेत."

"मंग न्हाई."

तेवढंच. पुढे अकरा दिवस ती तेवढंच म्हणत राहिली. रागानं नव्हे, भाजीत मीठ पुरे झालं म्हणावं तशा सुरात. मी समजावलं. डॉक्टरला बाई-माणूस असा भेद नसतो म्हणालो. ती म्हणाली, "त्याला नसंल, मला हाय." भाऊबंदांतल्या दोघांना बोलावून आणू का म्हटलं, तर म्हणाली, "बोलाव. म्हंजी गावात बी कळंल, म्हातारीच्या कमरंवर पंचायत बसली म्हनून." त्या अकरा दिवसांत मी कामावर मोजणीची साखळी धरून उभा असायचो आणि डोक्यात दोरा लांबत असायचा. दर आठवड्याला मिलिमीटर-दीड मिलिमीटर. जांघेत गेला असेल का, हा एकच प्रश्न. त्याला दोरा लावता येत नव्हता.

बाराव्या दिवशी सकाळी मी ओसरीत दाढी करत होतो. आत बायको मायचं ड्रेसिंग बदलत होती. तिचा आवाज आला.

"आत्याबाई, जरा इकडं बघा."

"काय बघू?"

"माझी कंबर बघा."

मग मायचा आवाज, एकदम वेगळा. "आगं पोरी, ह्ये कवापासून?"

"धाकट्याच्या वक्तापासून. काळं हाय निसतं. खाजतं कधीमधी. परकराची नाडी हो."

"आन त्याला सांगितलं न्हाईस?"

"तुमी सांगितलं का? मी बी तुमच्याच हाताखाली शिकले." मग बायको हळू बोलली. "आत्याबाई, आता सांगते. तुमी त्या डॉक्टरला दावलं तर मी बी दावीन. तुमी न्हाई दावलं तर मी बी दावनार न्हाई. मंग मला हितं भोक पडू द्या. तवर तुमी असाल तर हळद लावा."

माझ्या गालावरचा साबण वाळला. सत्तावीस वर्षांचा संसार. बायकोच्या कमरेला पट्टा आहे हे मला ओसरीत भिंतीआडून कळलं. मी सगळ्या गावाचे बांध मोजले होते.

मायनं उत्तर द्यायला फार वेळ घेतला नाही. "लई बोलाया लागलीस," ती म्हणाली. "जा, माझं गाठोडं बांध. आन ती हिरवी लुगडी घाल त्यात, पांढऱ्यावर डाग दिसत्यात."

ऑपरेशनच्या आधी जांघेची सोनोग्राफी झाली. एक गाठ फुगलेली निघाली. सुई घालून पाणी तपासायला पाठवलं. ते चार दिवस मी काहीच मोजलं नाही. चौथ्या दिवशी कळलं की ती गाठ जखमेतल्या पुवामुळे सुजली होती, तिच्यात कॅन्सर नव्हता. बायको दवाखान्याच्या जिन्यात खाली बसली. मी तिच्याशेजारी बसलो. आम्ही दोघं किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही, आणि हे मी सहसा म्हणत नाही.

सर्जन माझ्यापेक्षा लहान होते. तपासण्याआधी त्यांनी मायला विचारलं, "आजी, पाहू का?" माय म्हणाली, "तुमाला माय हाय का?"

"आहे. ती पण लुगडंच नेसते."

"मंग आधी तिची कंबर बघा घरी जाऊन. आता माझी बघा."

जखम तोवर तीस मिलिमीटर झाली होती. तिच्या चहूबाजूंनी पंधरा-पंधरा मिलिमीटर चांगली कातडीही काढायची होती, कारण रोगाची मुळं डोळ्यांना दिसतात तिथंच संपत नाहीत. म्हणजे साठ मिलिमीटरचा गोल. मायनं विचारलं, केवढं? मी हातानं दाखवलं. "म्हंजी पुरीएवढं," ती म्हणाली. पेनानं गोल आखताना ती डॉक्टरांना म्हणाली म्हणे, "वाटी आनू का? बराबर गोल येतंय." ती जागा झाकायला मांडीची पातळ कातडी काढून तिथं लावली.

पाच दिवस हलायचं नव्हतं, नवी कातडी सरकू नये म्हणून. माय कण्हायची ती मांडीच्या नावानं. "कापलं कमरंला आन तकलीफ मांडीला, ह्यो कुठला न्याय." पाचव्या दिवशी पट्टी उघडली. बायको बाहेर येऊन म्हणाली, "धरली. गुलाबी दिसून राहिली." दोन आठवड्यांनी काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. सगळ्या कडा स्वच्छ. केमो लागणार नाही, किरणांचा शेकही नाही. पण पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी दाखवायचं, आणि कमरेला घट्ट काही बांधायचं नाही, कधीच.

बायकोनं तिचा शब्द पाळला. त्याच आठवड्यात कातडीच्या डॉक्टरांना दाखवलं. नुसता पट्टा आहे, जखम नाही. नाडी सैल, रुंद पट्टी, आणि जागा बदलत राहायची. त्या रात्रीच्या जेवणाला मी म्हणालो, सत्तावीस वर्षांत मला सांगायचं. ती म्हणाली, "तुमी इचारलं का कधी? बांधावरच्या दगडाला इचारता, माझी काय खबर घेता." माय हसली. मीही हसलो.

लुगड्याचं काय करायचं हा मोठा प्रश्न होता. मॅक्सी आणली. मायनं ती अंगावर धरून बघितली आणि म्हणाली, "ह्यात मी बुजगावनं दिसन." मग बायकोनं मशीनवर बसून एक बंडी शिवली. खांद्यावरून येणारी, खाली चार बोटं रुंद पट्टी, आणि पट्टीला बटनं. लुगडं त्या बटनांना अडकवायचं. भार सगळा खांद्यावर. पहिली बंडी कमरेत सैल झाली, दुसरी काखेत काचली, तिसरी बसली. आता गल्लीतल्या तीन बायांनी तसली शिवून घेतली आहे. वेचणीला मायला आम्ही पाठवत नाही, पण ती बांधावर जाऊन बसते आणि ओटी बांधणाऱ्या बायांना ओरडते, "खांद्याला बांध, पोरी. कमरंला न्हाई." आणि लाज न धरता सांगते का ते.

आता हिरव्या दोऱ्याचं.

दवाखान्यातून येऊन तीन आठवडे झाले होते. रविवार होता. बायकोच्या आईला बरं नव्हतं म्हणून ती माहेरी, साखऱ्याला गेली होती, संध्याकाळी येणार होती. सकाळची पट्टी बदलायची होती. मी म्हणालो, शेजारच्या काकूंना बोलावतो. माय खाटेवर बसली होती.

"शेजारनीला काहून? तूच कर."

मी हात धुतले. साबण लावून दोनदा. माय भिंतीकडे तोंड करून कुशीवर झाली आणि लुगडं तिनंच बाजूला घेतलं. मी पट्टी सोडवायला लागलो.

"डोळे मिटू नको, बापू. भलतीकडं लावशील."

तेव्हा मी ती जागा पहिल्यांदा पाहिली. गुलाबी, चकचकीत, भोवतीपेक्षा जरा खोल. तिच्या दोन्ही बाजूंना तो काळा पट्टा अजून होता, अठ्ठावन्न वर्षांचा, आणि मधे तो तुटला होता. मी मिठाच्या पाण्यात भिजवलेली गॉज फिरवली. मलम लावलं. मायचा श्वास सावकाश चालला होता. लहानपणी गुडघा फुटला की ती फुंकर घालायची. माझ्याही तोंडातून नकळत फुंकर गेली.

"थंड लागतंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "माप न्हाई घेतलंस?"

"कशाला आता? दवाखान्यात घेतलंय त्यांनी."

मायनं मागे न बघता हात कमरेजवळ नेला. लुगड्याचा काठ उसवला होता. तिथला एक लांब हिरवा दोरा तिनं ओढून तोडला आणि खांद्यावरून मागे धरला.

"घे. सात येळा चोरून घेतलंस. आता सांगून घे."

मी दोरा आडवा धरला. दोनदा मोजलं. अठ्ठावन्न मिलिमीटर.

"किती?"

"अठ्ठावन्न."

"वाढलं?"

"न्हाई, माय. ही जखम न्हाई. ही नवी कातडी हाय. साठाची होती, आता आकसतेय. भरून येऊन राहिली."

"मंग बरं," ती म्हणाली. "पट्टी सैल बांध."